दादाच्या बोर्डातलं लायसन्स

जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटरचं उघडं कॅबिनेट आडवं पसरलं होतं, आणि ज्यांचं ते टेबल ती दोघं खाली फरशीवर ताटं घेऊन बसली होती.

"पाहुणे उठणार कधी?" नवऱ्याने ताटातून मान वर न करता विचारलं.

"बोर्ड आला की."

"आणि बोर्ड?"

"तो यायचा तेव्हा येईल. घाई असेल तर तू जाऊन आण."

नवऱ्याने पुढचा घास घेतला. शहरात बस चालवायची नोकरी त्याची. समोरचं वाहन बाजूला होणार नाही, हे त्याला लांबूनच कळायचं.

तिला सगळे ठिणगी म्हणत. खरं नाव होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. लहानपणी बाबांनी एकदा वैतागून ठिणगी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच, कारण बाईसाहेब होत्याच तशा. अंगाने मूठभर आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ती बोलायला लागली की समोरच्याने आपलं खरं असलं तरी आवरतं घ्यावं. पण हात म्हणाल तर सोन्याचा. थोरल्या भावाचं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लग्नाच्या आधीपासून ती तिथे आतल्या टेबलावर मशीन जोडत होती. दादा पुढे फिरत्या खुर्चीत बसायचा, गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, जगाच्या गप्पा हाणायचा. ठिणगी आत बोर्ड बसवायची, वायरी ओढायची, पंख्याचे स्क्रू पिळायची. मशीन तयार झाली की दादा कॅबिनेटच्या कपाळावर दुकानाचं चकचकीत स्टिकर चिकटवायचा आणि म्हणायचा, "घ्या, माझ्या हातची मशीन." ती आतून ऐकायची. राबायचं एकाने आणि मिरवायचं दुसऱ्याने, यात नवीन ते काय? घरचंच दुकान, सख्खा भाऊ. तिने मनाला लावून घेतलं नाही. निदान बरीच वर्षं तरी नाही.

मग ती दातांच्या डॉक्टरणीची भानगड झाली.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली मशीन दादाच्याच दुकानातून गेलेली. एके दिवशी ती सुरू केली तर पडदा काळा, आणि पेशंटांच्या दातांचे सगळे फोटो गायब. बाई तावातावाने दुकानात आल्या. दादाने त्यांना खुर्ची दिली, पंखा वाढवला, आणि भरल्या दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काय आहे डॉक्टर, ती आमच्या धाकटीने जोडलेली मशीन. बायकांचा हात पडला शेवटी. कुठेतरी काहीतरी सैल राहतंच." आणि हे सांगत होता कुणाला? दिवसभर लोकांच्या दाढा उपटणाऱ्या बाईला!

आत ठिणगीच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो तिने खाली ठेवला, पर्स उचलली, गिऱ्हाइकांच्या मधून वाट काढत बाहेर आली आणि सरळ घरी गेली. "येईल दोन दिवसांत," दादा म्हणाला. "जाते कुठे?" पण ती काही परत गेली नाही.

आता नशीब कसं असतं बघा. रागाने दात-ओठ खाता खाता तिची एक दाढ ठणकायला लागली, आणि आसपास दातांचा दवाखाना तो एकच. डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबले, दिवा तोंडावर ओढला, चेहरा ओळखला, आणि झाल्या सुरू. "तुम्हीच ना त्या धाकट्या? किती लोकांचे फोटो होते त्यात, कल्पना आहे? जबाबदारी म्हणून काही चीज असते की नाही?" समोरचं माणूस बोलतंय आणि आपलं तोंड उघडं असून बोलता येत नाही, हा प्रसंग ठिणगीवर जन्मात आला नव्हता. कापूस निघाल्याबरोबर ती ताडकन उठून बसली.

"हात माझा होता. माल दुकानाचा होता, आणि आत काय घालायचं ते ठरवणारा मालक होता. मला एक मशीन माझ्या मनासारखी जोडू द्या. ती बिघडली तर माझी दुसरी दाढ काढा. भूल न देता."

डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. "बरं, जोडा. पण सगळं अस्सल हवं. सिस्टिमचं लायसन्ससुद्धा. आणि उद्या अडलं तर फोन कुणाला करायचा?"

"मला."

"दुकानाला नाही?"

"दुकानाचा काय संबंध? मशीन माझी."

असं ते काम आलं. पहिलंच. ते धड पार पडलं तर ती आपल्या घरी, आपल्या नावाने मशीन जोडून देणारी बाई होणार होती. नाही पडलं, तर आहेच पुन्हा दादाच्या दुकानाची आतली बाजू, आणि तीही आता खाली मान घालून. हे तिला पक्कं ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं, आणि दादाला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

सामान एकेक करत आलं. कॅबिनेट आलं, पॉवर सप्लाय आला, प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं आलं. लायसन्सचं पाकीटही आलं, सिस्टिम बिल्डरवालं, म्हणजे जो स्वतः मशीन जोडून देतो त्याच्यासाठी कंपनी वेगळं काढते ते. अडकला तो नेमका बोर्ड, ज्यावर बाकी सगळं बसवायचं तो. कुरियरवाला रोज फोनवर सांगायचा, "मॅडम, गाडी निघाली." गाडी निघायची खरी, पोचायची कुठे ते देव जाणे. आणि डॉक्टरीणबाई सोमवारी मशीनची वाट बघणार होत्या.

अशात एका दुपारी दादा आला. बरोबर आई होती. आई दादाकडे राहायची. न्यायनिवाडा करायची तिला भारी हौस, फक्त निकाल दरवेळी दादाच्या बाजूने लागायचा. दादाने टेबलाभोवती एक चक्कर मारली, कॅबिनेटमध्ये डोकावला आणि जिभेने च्चच्च केलं.

"सगळं आहे गं. नुसता जीव नाही याच्यात." मग पिशवीतून एक बोर्ड काढून त्याने टेबलावर ठेवला. "घे. माझा टेस्टिंगचा आहे. तुझा प्रोसेसर यावर बसतो. तुझा येईपर्यंत वापर."

"मला नको."

"घे गं," आई म्हणाली. "भावाचाच आहे. परक्याच्या दारी जायची वेळ आली नाही हे नशीब समज."

ठिणगीने बोर्ड हातात घेऊन उलटसुलट बघितला. बोर्ड खरंच चांगला होता, आणि सोमवार तोंडावर आला होता. तिचा विचार सरळ होता. सगळं या बोर्डावर चढवायचं, चालतंय का ते तपासायचं, आणि आपला बोर्ड आला की बोर्ड तेवढा बदलायचा. दुकानात हे त्यांनी कितीदा केलं होतं! दादाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेन ड्राइव्ह लटकलेला असायचा. त्यात सिस्टिमची एक बिनलायसन्सची कॉपी होती, आणि तीच एक कॉपी दुकानातून गेलेल्या झाडून सगळ्या मशीनमध्ये होती. बोर्ड बदलला की पुन्हा तो ड्राइव्ह लावायचा, पुन्हा कॉपी चढवायची, मिटलं. त्या कॉपीला बोर्ड कुणाचा नि कुठला याच्याशी काही देणंघेणं नसायचं. खरी गोम इथेच आहे. या बहीणभावांनी ढिगाने मशीन जोडल्या, पण अस्सल लायसन्सचं पाकीट दोघांपैकी एकानेही उभ्या आयुष्यात फोडलं नव्हतं.

तिने ते टरकन फाडलं. आत एक लांबलचक नंबर होता आणि बाहेरून चारी बाजूंना मुंगीएवढी अक्षरं होती. ती वाचत बसायला सवड कुणाला? सिस्टिम चढली. नंबर घातला. पडद्यावर आलं की लायसन्स लागू झालं आहे. ठिणगीने टाळीच वाजवली. नवरा ड्यूटीवरून येऊन दारात बूट काढत होता, त्याला एका बुटासकट ओढत आणून तिने पडदा दाखवला.

"बघ. अस्सल!"

"छान," तो म्हणाला. "मग आता टेबल?"

दुसऱ्या दिवशी कुरियरवाल्याची गाडी चक्क पोचली. ठिणगीने दादाचा बोर्ड काढला, पुसला, जपून पिशवीत ठेवला, आणि आपला नवा कोरा बोर्ड बसवला. मशीन सुरू झाली. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि खालच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली की हे लायसन्स दुसऱ्या मशीनवर वापरात आहे. तिने नंबर पुन्हा घातला. तेच. सगळं पुसून सिस्टिम नव्याने चढवली. पुन्हा तेच.

मग तिने कचऱ्याच्या डब्यातून ते फाटकं पाकीट शोधून काढलं, टेबलावर हाताने सरळ केलं, चष्मा लावला आणि मुंगीएवढी अक्षरं वाचायला घेतली. लिहिलं होतं ते असं: हे लायसन्स ज्या मशीनवर पहिल्यांदा लागू होईल त्याच मशीनचं. मशीनची ओळख म्हणजे तिचा बोर्ड. तो बिघडला म्हणून बदलला तर सूट, नाहीतर दुसऱ्या बोर्डासाठी दुसरं लायसन्स. आणि शेवटी एक ओळ: मशीनबद्दल काही अडचण आली तर उत्तर कंपनी देणार नाही, ज्याने मशीन जोडली तो देईल.

म्हणजे तिच्या पदरच्या पैशाचं, तिच्याच हाताने घातलेलं लायसन्स दादाच्या बोर्डात जाऊन बसलं होतं. ठिणगीने कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण!" ती रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली. तेवढ्यात आईचा रोजचा फोन आला, आणि रागाच्या भरात ती सगळं बोलून गेली. फोन ठेवल्यावर तिने स्वतःच्या जिभेला चार शिव्या घातल्या. आईला सांगितलं म्हणजे दादाला सांगितलं.

संध्याकाळी दादा हजर. चेहरा असा फुललेला, जणू लॉटरीच लागली होती. आई मागोमाग होतीच.

"एवढंच ना?" तो खुर्ची ओढून बसत म्हणाला. "माझाच बोर्ड ठेव की मशीनमध्ये. मी मागितला का परत? आपलं तुपलं काय करायचं घरात?" मग त्याने खिशातून एक चकचकीत स्टिकर काढून टेबलावर ठेवलं. दुकानाचं. "फक्त हे लाव वरती. बोर्ड दुकानाचा म्हणजे मशीन दुकानाची, हो की नाही? डॉक्टरांना मी सांगतो समजावून. काही झालं तर मी आहे ना. आणि तू सोमवारपासून ये कामावर. झालं ते झालं. मी काही मनात ठेवलं नाही."

"तू ठेवलं नाहीस?" ठिणगीचा आवाज चढला. "तू?"

"बघ, आई! चांगलं करायला जावं तर ही अशी."

"अगं, भाऊ एवढा दारी आलाय," आई म्हणाली. "किती ताणशील? तुटेल."

"तुटू दे. मशीन माझ्या बोर्डावर जाईल, नाहीतर जाणार नाही."

दादाने हात झटकले. "मग कंपनीला फोन कर. सांग बोर्ड जळाला. बिघडलेल्याला सूट आहे म्हणतेस ना?"

"जळालेला नाही तो."

"मग जाळू या!" दादाने पिशवीतून बोर्ड काढून हातात नाचवला. "आत्ता इथे जाळतो. एक वायर दे. खोटं बोलायला नको तुला, झालं समाधान?"

आणि तो गंमत करत नव्हता. ठिणगीने त्याच्या हातातून बोर्ड हिसकावून घेतला, स्टिकर उचलून त्याच्या खिशात परत कोंबलं, आणि दोघांना दारापर्यंत सोडायला गेली. आई जिना उतरताना म्हणाली, "बापावर गेलीस. मोडशील, पण वाकायची नाहीस." ठिणगीने दार धाडकन लावलं. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच तिला जास्त संताप येत होता.

सकाळी तिने कंपनीला फोन लावला. नवऱ्याची दुपारची पाळी होती, तो समोर बसून ऐकत होता. बरंच संगीत वाजून झाल्यावर एक मुलगी बोलायला आली. गोड आवाजाची. तिने नंबर विचारला, मशीनची माहिती विचारली, आणि म्हणाली, "मॅडम, आधीचा बोर्ड खराब झाला होता का? झाला असेल तर मी लगेच सोय करून देते."

समोर नवऱ्याची मान वरखाली व्हायला लागली. हो म्हण, हो म्हण. ठिणगीने त्याच्याकडे पाठ केली.

"नाही. ठणठणीत आहे. भावाचा आहे."

"मॅडम, मी परत एकदा विचारते हं. आधीचा बोर्ड... खराब झाला होता का?" पोरगी भली होती बिचारी. हिच्यासाठी वाट काढत होती.

"अहो, नाही म्हटलं ना! चांगला आहे तो. चूक माझी आहे, मी पाकिटावरचं वाचलं नाही."

"मग ते लायसन्स त्या बोर्डाचंच, मॅडम. तुम्हाला नवीन घ्यावं लागेल. मशीनबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर ज्यांनी जोडली त्यांच्याशी बोला."

"मीच जोडलीय."

"मग तुमच्याशीच बोला, मॅडम."

फोन ठेवला तसा नवरा उसळला. सहसा न चिडणारा माणूस, पण चिडला. "एक हो! एक हो म्हणायला जात काय होतं तुझं? आता दुसरं पाकीट आणायचं म्हणजे या कामात हातात काही राहणार नाही, उलट पदरमोड. कुणाला कळणार होतं? बोर्ड काय साक्षीला येणार होता?"

"तुला काय माहीत मी आजवर किती वेळा हो म्हटलंय!" ठिणगी म्हणाली, आणि मग तिने ते सांगितलं, जे नवऱ्याला एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. दुकानात दर दोन-चार गिऱ्हाइकांमागे एखादं विचारायचं, सिस्टिम अस्सल आहे ना? दादा उत्तर स्वतः कधी द्यायचा नाही. आत हाक मारायचा. आणि ती बाहेर येऊन तोंडभर हसून सांगायची, हो, अस्सल आहे. तिच्या तोंडावर लोकांचा विश्वास बसायचा. "त्या डॉक्टरणीची मशीन कशाने गेली, तर त्या कॉपीने. मला बघताक्षणी कळलं होतं. भरल्या दुकानात तो माझ्या हाताला नावं ठेवत होता, आणि मी मूग गिळून घरी आले. का? कारण खरं सांगायचं तर मीही त्यात होते. आता माझ्या पहिल्या मशीनला पुन्हा तेच करू? मग दादाचं दुकान काय वाईट होतं? तिथे निदान चहा तरी आयता मिळायचा."

नवऱ्याने उठून शर्ट अडकवला. "चल. पाकीट घेऊन येऊ. या महिन्यात मी जादा फेऱ्या मारेन."

"टेबल मात्र अजून मिळणार नाही हं."

"टेबलाचं नाव काढलं मी?"

दुसरं पाकीट तिने फाडलं नाही. कात्रीने कापलं, आणि त्याच्यावरचं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून काढलं. नवरा समोर बसून ऐकताऐकता डुलक्या घेत होता, त्याला दोनदा हलवून जागं केलं. मग आपल्या बोर्डावर सिस्टिम चढवली, नंबर घातला, आणि लायसन्स लागू झालं. या वेळी तिने टाळी वाजवली नाही. खुर्चीत मागे टेकून नुसती बघत बसली.

सोमवारी मशीन दवाखान्यात गेली. कॅबिनेटचं कपाळ कोरं होतं. डॉक्टरीणबाईंनी ती सुरू करून पाहिली, सगळं उघडून पाहिलं, लायसन्सचं पाकीट मागून घेतलं, आणि ठिणगीचा फोन नंबर एका कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला. "फोन केला तर उचलाल ना?" त्यांनी विचारलं. "भांडायला केलात तरी उचलेन," ठिणगी म्हणाली.

एवढ्यावर खरं तर विषय संपायचा. पण दादाचा बोर्ड घरात होता, आणि दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून तिला घास गिळवत नव्हता. घरी येऊन तिने तो उचलला आणि तडक दुकानात गेली.

दुपारची वेळ होती. आई दादाचा डबा घेऊन आली होती आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. काउंटरवर एक कॅबिनेट होतं आणि समोर शिकवणीवाले सर उभे होते. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मशीन हळू चालते म्हणून घेऊन आले होते.

"आलीस?" दादाचा चेहरा उजळला. "मला ठाऊकच होतं. आतलं टेबल पुसून ठेवलंय बघ."

ठिणगीने बोर्डाची पिशवी काउंटरवर ठेवली. "हा तुझा बोर्ड. काही बिघडलेलं नाही. आणि त्यात एक लायसन्स आहे, माझं. ते बाहेर निघत नाही, म्हणून तुझ्याकडेच राहू दे."

"अगं, कशाला..."

"राहू दे की. आपलं तुपलं काय करायचं घरात? जपून वापर मात्र. अस्सल आहे. या दुकानातलं पहिलंच."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "पहिलंच म्हणजे?" त्यांनी आपल्या कॅबिनेटवर हात ठेवला. "मग माझ्यात काय घातलंय?"

दादा हसला. पण हसण्यात दम नव्हता. "अहो सर, चेष्टा करते ती. लहानपणापासून अशीच आहे." मग तो ठिणगीकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला, लाडीगोडीचा. "सांग ना गं सरांना. तूच जोडलीस ना त्यांची मशीन?"

तिला तिथून निघून जाता आलं असतं. बोर्ड दिला होता, डॉक्टरणीचं काम झालं होतं, तिची मशीन तिच्या नावाने दवाखान्यात चालू होती. आता दुकानात कुणाच्या मशीनमध्ये काय आहे याच्याशी तिचं काय? पण सर तिच्याकडेच बघत होते. त्यांना ती आठवत होती. हसून हो म्हणणारी.

"जोडली मीच, सर," ती म्हणाली. "त्यात कॉपी आहे. ती मी घातली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा अस्सल आहे म्हणून सांगितलं, तेही मीच."

"तोंड सांभाळ!" दादा ओरडला.

"इतकी वर्षं सांभाळलं. आता तुझं तू सांभाळ."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"हो."

"अख्ख्या वर्गाच्या नोट्स आहेत यात! उद्या बंद पडली असती म्हणजे?"

"पडली असती. एकाची पडली. ओरडायचं तेवढं ओरडा, सर, मी ऐकते. पण ही मशीन उचला आणि माझ्या घरी चला. आधी तुमच्या नोट्स काढून ठेवते, मग अस्सल घालून देते."

"मशीन इथून हलणार नाही," दादा खुर्चीतून उठला आणि त्याने कॅबिनेटवर दोन्ही हात ठेवले. "दुकानाची मशीन आहे ती. वर स्टिकर आहे बघ."

"अहो, मशीन माझी आहे!" सर किंचाळले.

"आई!" दादाने हाक मारली. "बघ तुझी लेक. माझ्या पोटावर पाय द्यायला निघालीय. सांग तिला काहीतरी!"

आई स्टुलावरून उठली. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. आता काय ऐकावं लागणार ते ठिणगीला तोंडपाठ होतं, आणि आज आई बोलली तर आपल्याच्याने उलट बोलवणार नाही, हेही कळत होतं.

आई काउंटरपाशी आलीच नाही. "तू सगळ्यांदेखत तिच्या हाताला नावं ठेवलीस, तेव्हा मी या इथेच बसले होते," ती दादाला म्हणाली. "तेव्हा काही सांगितलं नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू?" आणि वळून तिने दुकानाचं काचेचं दार ओढलं, त्याला पाठ लावून उभी राहिली. "जड आहे ते. दोघं मिळून न्या."

दादाचे हात कॅबिनेटवरून सुटले. एक बाजू ठिणगीने धरली, दुसरी सरांनी. सर अजून धुमसतच होते. दारातून बाहेर पडेपर्यंत, पायऱ्या उतरेपर्यंत, थेट रस्त्याला लागेपर्यंत ते तिला बोलत राहिले, आणि तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही.